दुसऱ्या गावातली प्रत

आमच्या घरातला पहिला डबा मी घेतला तो कॉम्प्युटर गेल्यानंतर. गेला म्हणजे त्याच्यातली हार्ड डिस्क गेली. दोन दिवस ती टकटक करत होती आणि मी पंख्यात धूळ अडकली असेल असं समजून ब्रशने साफसफाई करत होतो. तिसऱ्या दिवशी मशीन सुरूच झालं नाही. मुलीचे पहिलीपासून चौथीपर्यंतचे फोटो त्यात होते. काही बायकोच्या फोनवर मिळाले, काही नातेवाइकांकडून मागवून घेतले, बाकीचे गेले.

मी साताऱ्यात एका आर्किटेक्टकडे ड्राफ्ट्समन आहे. ऑफिसात सगळे नकाशे एका पेटीत साठवलेले असतात आणि प्रत्येक कॉम्प्युटर तारेने त्या पेटीला जोडलेला असतो. तशीच लहान पेटी घरासाठी मिळते, हे मला तेव्हा कळलं. तिला नॅस म्हणतात. आमच्या घरी तिचं नाव डबा पडलं. आकारही तसाच, चार पुडांच्या टिफिनएवढा. आत दोन खण, प्रत्येक खणात एक डिस्क. एकीवर जे लिहिलं जातं तेच त्याच वेळी दुसरीवरही लिहिलं जातं, म्हणजे एक बंद पडली तरी दुसरी असते. राउटरशेजारी तो ठेवला, हिरवे दिवे लागले, आणि मग महिनाभर मी घरातलं जे जे साठवण्यासारखं होतं ते त्यात भरत गेलो. बायकोचा फोन, मुलीचा फोन, जुन्या सीड्या, आणि शेवटी टेबलाच्या खणात पडून असलेला माझा जुना फोन.

त्या फोनवर येणारा-जाणारा प्रत्येक कॉल आपोआप रेकॉर्ड होत होता. मला त्याचा पत्ताच नव्हता. फोन उतरवून घेताना एक फोल्डर निघाला, त्यात शेकड्यांनी फाइली. प्रत्येकीच्या नावात नंबर, तारीख आणि वेळ. आईचा नंबर मला पाठ होता. तिच्या एकशे ब्याऐंशी फाइली निघाल्या. आई जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं.

आई कऱ्हाडजवळ मलकापुरात दोन खोल्यांत एकटी राहायची. मी रोज संध्याकाळी फोन करायचो. फाइलींत तेच होतं. दूध नासलं, गॅस संपत आलाय, शेजारणीच्या सुनेला मुलगी झाली, तू जेवलास का. बहुतेक कॉल दोन मिनिटांच्या आत संपलेले. शेवटून तिसरी फाइल एक मिनिट चाळीस सेकंदांची होती. ती कशाची असणार हे मला तारखेवरून कळलं.

इथे मागचं थोडं सांगायला हवं. आईच्या पोटात दुखायचं. जवळच्या डॉक्टरांनी पित्त म्हणून गोळ्या दिल्या होत्या. माझी थोरली बहीण, अक्का, सांगलीत असते. ती आईला रोज सांगायची, मिरजेला चल, इथं मोठ्या डॉक्टरला दाखवू. दाजी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते आणि हंगाम चालू होता, त्यांना सुट्टी मिळत नव्हती. तेव्हा आईला गाडीने मी न्यायचं, असं त्या दोघींचं ठरलं होतं. तो कॉल झाला त्याच आठवड्यात, शुक्रवारी, आईला शेजाऱ्यांनी कऱ्हाडला दवाखान्यात नेलं आणि सोमवारी ती गेली.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी अक्काने मला विचारलं, "आई तुला मिरजेचं बोलली हुती का?"

"नाही."

"मला तर म्हणाली, त्याला सांगितलंय. तो नेतो म्हणालाय."

"मला नाही बोलली."

खोटं बोलायचं असं मी ठरवलं नव्हतं. प्रश्न आला आणि तोंडातून नाही निघालं. एकदा निघाल्यावर मी ते बदललं नाही. म्हणजे अक्काच्या लेखी आई आणि मी, दोघांपैकी एक खोटं बोलत होतं, आणि त्यातलं एक आता विचारण्यापलीकडे गेलेलं होतं. त्या दिवसापासून अक्का माझ्याशी बोलायची थांबली. भांडण असं झालंच नाही. लग्नाकार्यात भेटलो तर ती माझ्या बायकोशी बोलायची, दाजी माझ्याशी बोलायचे, आणि तसंच चालू राहिलं.

ती फाइल मी एकदा ऐकली. बायको शिक्षिका आहे, ती शाळेत होती, मला सुट्टी होती. आई म्हणते, "मला मिरजेला ने रं. अक्कानं समदं बघून ठिवलंय." मी म्हणतो, "बघू, रविवारी नेतो." ती म्हणते, "रविवारी डाक्टर असतोय व्हय?" मी म्हणतो, "असतो. नाहीतर सोमवारी जाऊ." मग ती विचारते की मुलीची परीक्षा कधी आहे, आणि कॉल संपतो.

पुसायला एक क्लिक लागतो. नकाशातल्या चुकलेल्या रेघा मी दिवसभर पुसत असतो. ही पुसली नाही, एवढंच सांगता येईल.

पुढे काही वर्षांत डबा भरला. लॉकडाऊनमध्ये बायकोने घरातून वर्ग घेतले आणि प्रत्येक तासाचं रेकॉर्डिंग करून ठेवलं. अपूर्णांकांचे एकोणीस तास आहेत. मुलगी पुण्याला शिकायला गेली आणि तिच्या फोनमधले व्हिडिओ आपोआप घरच्या डब्यात येऊन पडू लागले. एक दिवस डब्याने पिवळा दिवा लावला आणि जागा उरली नसल्याचा निरोप पाठवला.

मी दोन रविवार वाचण्यात घालवले. कागदावर उभ्या-आडव्या रेघा मारून तक्ता केला. जुन्याच डब्यात मोठ्या डिस्क घालायच्या की नवा चार खणांचा डबा घ्यायचा. दिवसरात्र चालणाऱ्या डिस्क वेगळ्या बनवतात, साध्या कॉम्प्युटरच्या घातल्या तर लवकर मरतात, हे त्यात कळलं. तक्ता घेऊन मी पोवई नाक्याजवळच्या दुकानात गेलो. दुकान एक बाई चालवतात. वय पस्तिशीचं असेल, डिप्लोमा झालेल्या, गिऱ्हाइकाला गोड बोलत नाहीत. त्यांनी तक्ता पूर्ण वाचला.

"चार खणी घ्या," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या या कागदावर बॅकअपचा कॉलम नाही."

"दोन-दोन डिस्कवर असतंच की सगळं."

"तो बॅकअप नव्हे. तुम्ही फाइल चुकून पुसली की दोन्हीकडची पुसली जाते. शॉर्टसर्किट झालं, चोरी झाली, दोन्ही एकदम गेल्या. दुसरी प्रत दुसऱ्या गावात पाहिजे. जुना डबा विकू नका, तो बाहेरगावी कुणाकडे तरी ठेवा. रोज नेटवरून जे नवीन असेल तेवढं तिकडे जाईल."

"त्याच्यात मावणार नाही."

"दोन डिस्क जोडून एक करा. जागा दुप्पट होते. त्यातली एक गेली तर सगळं जातं, पण ती नुसती प्रत आहे, मूळ तुमच्याकडे आहे. बाहेरगावी कोण आहे तुमचं?"

मी म्हटलं, विचार करून सांगतो.

घरी बायकोला हे सांगितलं. ती भाजी निवडत होती. ती म्हणाली, "सांगली आहे की."

"अक्काकडे?"

"डबा ठेवायचाय ना? तुम्हाला थोडंच राहायचंय तिथे?"

मी दाजींना फोन केला. ते निवृत्त झाले होते. म्हणाले, "आणा की पाव्हणं. लाइट किती खातंय?" मी सांगितलं, एका बल्बाएवढी. "मग काय नडतंय. टीव्हीच्या कपाटात जागा हाय."

पहिली प्रत घरीच करून घ्यावी लागते, नाहीतर इतका माल नेटवरून जायला आठवडे लागतात. नवा डबा लावून, जुना रिकामा करून, मी त्यावर सगळं उतरवायला घेतलं. कोणते फोल्डर पाठवायचे याची यादी पुढे आली. प्रत्येकापुढे चौकोन होता. कॉलच्या फोल्डरापुढची खूण मी काढली, मग परत केली. त्याखाली अजून एक चौकोन होता, प्रतीला कुलूप घालायचं का, म्हणजे पासवर्डाशिवाय ती कुणाला वाचता येणार नाही. दुकानातल्या बाईंनी सांगितलं होतं, कुलूप घाला, पण पासवर्ड विसरलात तर मीही काही करू शकत नाही. मी कुलूप घातलं नाही. पासवर्ड विसरेन म्हणून, असं मी बायकोला सांगितलं.

सांगलीला गेलो तेव्हा अक्काने दार उघडलं आणि आत निघून गेली. दाजींनी आणि मी कपाटातल्या वस्तू हलवून डबा बसवला. अक्का चहा घेऊन आली. दाजींना म्हणाली, "साखर किती लागती विचारा त्यांना." मला साखर किती लागते हे तिला लहानपणापासून माहीत होतं. मी दाजींना म्हणालो, एक चमचा. दाजी म्हणाले, "एक." ती आत गेली. पाच वर्षांत आम्ही एकमेकांच्या इतके जवळ आलो नव्हतो.

त्यानंतर आठ महिने काही झालं नाही. रोज पहाटे नव्या फाइली साताऱ्याहून सांगलीला जायच्या आणि मला निरोप यायचा, प्रत पूर्ण. मग एका मंगळवारी दुपारी ऑफिसात निरोप आला की सांगलीचा डबा उत्तर देत नाही. बुधवारी तोच, गुरुवारी तोच. दाजींचा फोन लागेना. शेवटी मी अक्काचा नंबर लावला.

तिने उचलला. मी म्हटलं, "अक्का, मी बोलतोय."

"व्हय."

"डबा बंद दिसतोय, म्हणून..."

"मीच बंद केलाय. बिघडला म्हनून नव्हं, तसाच केला. घरात कोन न्हाई. ह्यांना मिरजेला ठिवलंय. अँजिओप्लास्टी झाली परवा."

"मला कळवलं नाहीस."

मग मी म्हटलं, "मी येतो." ती म्हणाली, "या की." सहा वर्षांपूर्वी ती मला तू म्हणायची.

मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने गेलो. दाजी खाटेवर बसून पेपर वाचत होते आणि नर्सशी साखर कारखान्यातल्या साखरेबद्दल बोलत होते. त्यांना काही विशेष झालंय असं वाटत नव्हतं. अक्का बाकावर बसली होती, मी तिच्या शेजारी बसलो. दवाखान्यात बोलायला विषय असतात, औषध, डॉक्टर, डिस्चार्ज. दुपारपर्यंत आम्ही तेवढंच बोललो. मग ती घरी दाजींच्या जेवणाचा डबा भरायला निघाली आणि मी बरोबर गेलो.

घरी मी कपाटातला डबा परत सुरू केला. तो गुरगुरला, दिवे लागले. अक्का मागे उभी होती.

"ह्यात आईचं काय हाय?" तिने विचारलं.

"फोटो आहेत. आणि तिचे कॉल."

"कसलं कॉल?"

मी तिला फोनचं सांगितलं. आपोआप रेकॉर्ड होत होते, मला माहीत नव्हतं, एकशे ब्याऐंशी आहेत. ती खुर्चीवर बसली. म्हणाली, "आईचा आवाज हाय ह्यात? आट म्हयनं माज्या घरात हाय?"

"हो."

"मला ऐकायचाय."

मी तिच्या फोनवर ॲप घातलं, तिच्या नावाने खातं उघडलं, पासवर्ड कागदावर लिहून दिला. कोणता फोल्डर तिला दिसावा हे मला ठरवायचं होतं. मी पूर्ण फोल्डर दिला. त्या एका फाइलीबद्दल मला आधी सांगता आलं असतं. ती समोर बसली होती, घरात दुसरं कुणी नव्हतं, वेळही होता. मी तिला पहिली फाइल लावून दाखवली. आई म्हणत होती की पापड उन्हात टाकलेत आणि कावळे येतायत. अक्काने पदर तोंडाला लावला. मी संध्याकाळची गाडी पकडून परत आलो.

डबा नोंदी ठेवतो. कोणत्या खात्याने कोणती फाइल किती वाजता उघडली, हे सगळं मला साताऱ्यातून दिसतं. मी ते बघायचं असं ठरवलं नव्हतं, पण बघू लागलो. अक्का ओळीने ऐकत होती. पहिल्या दिवशी चौदा, दुसऱ्या दिवशी नऊ. दाजी घरी आले त्या दिवशी एकही नाही. मग रोज दुपारी दोन ते तीनच्या दरम्यान आठ-दहा. कधी एकच फाइल तीनदा उघडलेली असायची. मी ती माझ्याकडे लावून बघायचो, तर त्यात काही नसायचं, आई नुसती हसलेली असायची.

ऑफिसात जेवणानंतर मी नोंदी उघडायचो. एकशे दहा. एकशे एकोणीस. तिच्या वेगाने ती फाइल कधी येईल याचा मी अंदाज केला होता आणि तो एका दिवसाने चुकला. एका सोमवारी दोन वाजून सव्वीस मिनिटांनी तिने ती उघडली. दोन अठ्ठावीसला परत उघडली. त्यानंतर नोंद नाही. शेवटच्या दोन फाइली तशाच राहिल्या.

त्या संध्याकाळी मी बायकोला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "इतकी वर्षं मी वन्संना हट्टी समजत होते." पुढे ती माझ्याशी दोन दिवस कामापुरतंच बोलली.

अक्काचा फोन शुक्रवारी आला, ऑफिसात. मी जिन्यात गेलो.

"ऐकलं मी," ती म्हणाली.

"हो. दिसलं मला."

"रविवारी नेतो म्हनालास."

"हो."

"आन् मला म्हनालास ती बोललीच न्हाई."

"हो."

"सहा वर्सं मी इचार केला, आई माज्याशी कशापायी खोटं बोलली आसंल. तिला मिरजेला यायचंच न्हवतं का. माज्याकडं यायचं न्हवतं का."

मी आजवर एवढाच विचार केला होता की ती मला दोष देते आहे. आईच्या बाजूचं तिने काय धरून ठेवलं असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मी म्हटलं, "माझी चूक झाली."

"नेलं आसतं तर वाचली आसती का, ते डाक्टरनं बी सांगितलं न्हाई. ते मी म्हनत न्हाई." मग म्हणाली, "तुला पुसता आलं आसतं की ते."

"हो."

"मग?"

"नाही पुसलं."

जिन्याखाली कुणीतरी गाडीला किक मारत होतं. मग ती म्हणाली, "माजा राग गेला न्हाई. पर आई खोटं बोलली न्हवती, येवढं बरं झालं," आणि तिने फोन ठेवला. तिने मला तू म्हटलं होतं, हे मला जागेवर येऊन बसल्यावर लक्षात आलं.

पुढच्या आठवड्यात तिने उरलेल्या दोन फाइली ऐकल्या. नंतर नोंदी बघणं मी बंद केलं. ते सेटिंगच बंद केलं.

फोन मात्र येऊ लागले. महिन्यातून एखादा, आणि नेहमी डब्याबद्दल. दिवा लुकलुकतोय, ठीक आहे का. लाइट गेली होती, आता आपोआप चालू होईल का. दाजींचे कारखान्यातले फोटो ह्यात घालता येतील का. मी घालायला शिकवलं. मग तिचं सामान उलट्या वाटेने साताऱ्याच्या डब्यात यायला लागलं, त्याची प्रत इथे.

यंदा उन्हाळ्यात तिचा डबा पिपाणीसारखा वाजायला लागला. दोनपैकी एक डिस्क गेली होती, आणि जोडलेल्या असल्यामुळे तिच्याकडचं सगळंच गेलं. अक्काने लगेच फोन केला.

"आईचं गेलं का रं?"

"नाही. इथे आहे सगळं. तुझंही आहे. नव्या डिस्क घालायला लागतील."

"मग धाड की हिकडं."

मी तिला हिशेब सांगितला, नेटवरून तीन आठवडे लागतील, मधे तार निसटली तर जास्त. डबा इथे आणला तर एक दिवस. ती म्हणाली, ह्यांना विचारते. त्या शनिवारी दाजी आणि ती आले. डबा तिने मांडीवर घेतला होता.

आम्ही तिघे दुकानात गेलो. या वेळी दोन्ही डिस्कवर सारखंच राहील असं करायचं ठरलं, एक गेली तर दुसरी राहावी. त्यासाठी डिस्क मोठ्या लागल्या. अक्काने दुकानातल्या बाईंना विचारलं, किती वर्षं टिकतील. बाई म्हणाल्या, पाच धरा. अक्का म्हणाली, "आन् मग?" बाई म्हणाल्या, "मग परत या." दोघींचं चांगलं जमलं.

डबा जोडला आणि पडद्यावर आलं, अंदाजे एकोणीस तास. दाजी म्हणाले, "म्हंजे ऱ्हायलाच लागतंय." बायकोने गाद्या काढल्या. अक्का आमच्या या घरात पहिल्यांदाच राहिली. घर घेतलं तेव्हा ती बोलत नव्हती. तिने खोल्या बघितल्या, गॅलरीतून अजिंक्यतारा दिसतो का ते बघितलं, आणि स्वयंपाकघरातल्या ओट्याची उंची बरोबर नाही असं बायकोला सांगितलं. आईबद्दल कुणी काही बोललं नाही. सकाळी उठून तिने आधी पडद्याकडे पाहिलं, ऐंशी टक्के झाले होते.

दुपारी जेवून ते निघाले. डबा तिने टॉवेलात गुंडाळून मागच्या सीटवर ठेवला आणि शेजारी बसली. कऱ्हाडच्या अलीकडून तिचा फोन आला, डब्याची तार इथेच राहिली म्हणून. मी सोमवारी ती कुरिअरने पाठवली.